नॉर्थवेस्टर्नच्या रानमांजरी: लॅक्रॉसबद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी शिकागोच्या उत्तरेला, एव्हन्स्टनपासून गाडीने दहा मिनिटांवर राहते. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटी याच एव्हन्स्टनची, आणि तिच्या टीम्सचं नाव वाइल्डकॅट्स, म्हणजे रानमांजरी. फेब्रुवारी ते मे माझ्या स्टेटसला तिथल्या लॅक्रॉस टीमच्या जांभळ्या जर्सीतल्या पोरी दिसायला लागल्या, की फॅमिली ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न येतात. आधी आत्या विचारते, मग भाचा, मग ज्याला काहीच पडलेली नसते असा कुणीतरी दीर. म्हटलं एकदाच सगळं टाइप करून ठेवते, पुढच्या वर्षी हेच फॉरवर्ड करीन.

हे लॅक्रॉस म्हणजे नक्की काय गं?

आपल्याकडे आंबे काढायचा झेला असतो ना, लांब काठी आणि टोकाला जाळीची पिशवी, तो कापून कमरेएवढा केला असं समजा. प्रत्येकीच्या हातात एक झेला. रबराचा टणक चेंडू त्या जाळीत झेलायचा, जाळीतच सांभाळत पळायचं, जाळीतूनच दुसरीकडे फेकायचा आणि शेवटी गोलमध्ये मारायचा. हात लावायचा नाही, तो फक्त गोलीला, म्हणजे गोलकीपरला, लावता येतो. पळताना चेंडू पडू नये म्हणून काठी सतत इकडून तिकडे हलकेच झुलवतात, त्याला क्रेडलिंग म्हणतात. लांबून पाळणा हलवल्यासारखं दिसतं, फक्त ही आई जिवाच्या आकांताने धावत असते.

किती जणी असतात? किती वेळ चालतं?

एका बाजूला बारा, गोली धरून. पूर्वी तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ असायचे, २०२२ पासून पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर. २०१७ पासून नव्वद सेकंदांचं शॉट क्लॉकही आलंय, तेवढ्यात गोलवर फटका मारावा लागतो. त्याआधी पुढे असलेली टीम चेंडू घेऊन नुसती फिरत बसायची आणि प्रेक्षक शेंगदाणे खात बसायचे.

तू शिट्टीचा काय किस्सा सांगत होतीस?

माझी पहिली मॅच. ऑफिसमधली एक मैत्रीण घेऊन गेली होती, मला नियम काडीचे माहीत नाहीत. शिट्टी वाजली आणि मैदानावरच्या सगळ्या पोरी जिथल्या तिथे थांबल्या, एक पाय पुढे, काठी हवेत, अगदी आपण लहानपणी स्टॅच्यू खेळायचो तशा. मला वाटलं आपली पोर घाबरली की काय, मी उभं राहून ओरडले, "अगं पळ ना!" पुढची अख्खी रांग वळून बघायला लागली. तेव्हा नियमच तसा होता, शिट्टी वाजली की हलायचं नाही. २०१८ मध्ये कॉलेज लॅक्रॉसमधून तो नियम गेला आणि खेळ एकदम वेगवान झाला. चांगलंच झालं, पण खरं सांगू, तो स्टॅच्यू मला अजून आठवतो.

पुरुषांचं आणि बायकांचं वेगळं कशाला? नियम एकच ठेवायचे की.

पुरुष हेल्मेट, पॅड घालून एकमेकांना धडका देतात. बायकांच्या खेळात धडक चालत नाही, काठीवर काठी मारता येते पण डोक्याजवळ नाही, आणि गोली सोडली तर हेल्मेटची सक्ती नाही. डोळ्यांवरचा जाळीचा चष्मा अमेरिकेत २००५ पासून कंपल्सरी झाला. डोकं उघडं असल्यामुळे एक गमतीशीर नियम आहे. समोरची गोलवर नेम धरतेय आणि तुम्ही फक्त आडव्या येऊन उभ्या राहिलात तर फाऊल तुमचा, कारण चेंडू तुमच्याच तोंडावर बसणार. म्हणजे बचाव करायचा तोही मार न खाता. नवीन माणूस याच शिट्टीला दर वेळी "का?" विचारतो.

बायकांचा हा प्रकार स्कॉटलंडमधून आला. सेंट अँड्र्यूजच्या सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेत १८९० मध्ये पहिली मॅच झाली. अमेरिकेत बॉल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत रोझाबेल सिंक्लेअर बाईंनी १९२६ मध्ये पहिली टीम उभी केली. तेव्हापासून हा खेळ पूर्व किनाऱ्याचा, मेरीलँड, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, लाँग आयलंड. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

नॉर्थवेस्टर्नची टीम कधी सुरू झाली?

१९८२. कॉलेजच्या खेळांची देशपातळीवरची संस्था एनसीएए, तिची बायकांची पहिली लॅक्रॉस चॅम्पियनशिपही त्याच वर्षीची. कोच होत्या सिंडी टिमचल. त्या १९९० पर्यंत इथे होत्या, टीम नॅशनल टूर्नामेंटपर्यंत नेली, म्हणजे टीम अगदीच टाकाऊ होती असं कुणी म्हणू नये. मग त्या मेरीलँड युनिव्हर्सिटीत गेल्या आणि तिथे त्यांनी आठ नॅशनल टायटल जिंकली, त्यातली सात सलग, १९९५ ते २००१. हे नाव विसरू नका, गोष्ट फिरून यांच्याशीच येते.

मग टीम बंद पडली होती म्हणतात ते खरं?

खरं. १९९२ मध्ये युनिव्हर्सिटीने टीमचा व्हर्सिटी दर्जा काढला आणि ती नुसती क्लब झाली. इकडच्यांना फरक पटकन कळतो, तिकडच्यांसाठी सांगते. व्हर्सिटी म्हणजे युनिव्हर्सिटीची अधिकृत टीम, पगारी कोच, स्कॉलरशिप, प्रवासखर्च, फिजिओ, सगळं. क्लब म्हणजे पोरींनी आपापसात वर्गणी काढायची, गाड्या शेअर करायच्या आणि ग्राउंड कुणी वापरत नसेल त्या वेळी खेळायचं. आपल्या गल्लीतल्या गणेश मंडळासारखं, उत्साह भरपूर पण पावतीपुस्तक रिकामं.

दहा वर्षं असं चाललं. दहा वर्षं म्हणजे कॉलेजात अडीच पिढ्या होतात, आधीच्या पोरींची ओळखही पुढच्यांना राहत नाही. सगळे या टीमचा इतिहास २००५ पासून सांगतात, ट्रॉफ्या तिथून सुरू होतात म्हणून. माझ्या मते खरी गोष्ट १९९२ ची आहे. बंद करायला एक मीटिंग पुरते, पण परत उभं करताना शून्यातून करावं लागतं, आणि तेही अशा भागात जिथे आजूबाजूला प्रतिस्पर्धी मोजकेच. त्या काळात मिडवेस्टमधल्या, म्हणजे शिकागोच्या आसपासच्या राज्यांतल्या, हायस्कूलच्या मुलींना लॅक्रॉस म्हणजे खायचं की प्यायचं हेही माहीत नसायचं.

परत कोणी सुरू केली?

केली अमॉन्टी हिलर. मॅसॅच्युसेट्सची पोर, भाऊ टोनी अमॉन्टी आइस हॉकीतला मोठा प्लेअर, आपल्या शिकागो ब्लॅकहॉक्सकडूनच खेळायचा. ती स्वतः मेरीलँडला शिकली, १९९५ आणि १९९६ अशी दोन नॅशनल टायटल जिंकली. आणि तिची कोच कोण? सिंडी टिमचल! ज्या बाई नॉर्थवेस्टर्न सोडून गेल्या त्यांचीच चेली नॉर्थवेस्टर्नला परत आली. असं सिरियलमध्ये दाखवलं तर आपण म्हणू काहीही दाखवतात.

केलीला २००० मध्ये घेतलं तेव्हा ती विशीतली होती. सगळी जुळवाजुळव करून २००२ मध्ये टीम पुन्हा व्हर्सिटी म्हणून मैदानात उतरली. पहिल्या सीझनला जिंकल्या त्यापेक्षा जास्त मॅचेस हरल्या. साहजिक आहे, पूर्वेकडच्या नावाजलेल्या मुली आठ-नऊ वर्षांच्या असल्यापासून स्टिक घेऊन हिंडतात, त्या सरळ मेरीलँड नाहीतर व्हर्जिनियाला जाणार, थंडीत कुडकुडायला नव्या टीमकडे कशाला येतील.

रस्त्यावर पळणाऱ्या मुलींना पकडून टीममध्ये घेतलं हा किस्सा खरा का?

पकडून नाही हो! इंडियानाच्या कोस्टर जुळ्या बहिणी, अ‍ॅशली आणि कोर्टनी. नुकत्याच कॉलेजात आलेल्या, कॅम्पसवर जॉगिंग करताना केलीला दिसल्या. लॅक्रॉसची स्टिक आयुष्यात कधी हातात धरलेली नाही. केलीने पाहिलं की या पळतात कशा, काटक आहेत, आणि विचारलं येता का. आल्या. चार वर्षांनी त्याच पोरी नॅशनल चॅम्पियन टीममध्ये होत्या.

मला यात चमत्कार वगैरे वाटत नाही, कोचची नजर वाटते. झेलायला, फेकायला शिकवता येतं, भिंतीवर चेंडू मारत बसलं की हात बसतो, इथे त्याला वॉल बॉल म्हणतात आणि आमच्या शेजारची पोरगी संध्याकाळी गॅरेजच्या भिंतीवर तासभर ते ठक-ठक करते (डोकं उठतं पण बोलणार कुणाला). दम आणि जिद्द मात्र कुठल्या भिंतीवर मिळत नाही. तयार मुली मिळणार नाहीत हे केलीला माहीत होतं, म्हणून तिने दमदार पोरी शोधल्या आणि त्यांना खेळ शिकवला.

२००५ ला नेमकं काय झालं?

२१ मॅचेस, २१ विजय. फायनल अ‍ॅनापोलिसला, म्हणजे ऐन मेरीलँड राज्यात, लॅक्रॉसच्या माहेरघरी, समोर व्हर्जिनिया, स्कोअर १३-१०. व्हर्सिटी परत सुरू होऊन चौथाच सीझन. त्याआधी अमेरिकेच्या पूर्वेकडच्या टाइम झोनच्या बाहेरची एकही टीम ही चॅम्पियनशिप जिंकलेली नव्हती. नॉर्थवेस्टर्नला तर कुठल्याच खेळात १९४१ च्या तलवारबाजीनंतर नॅशनल टायटल मिळालेलं नव्हतं. म्हणजे चौसष्ट वर्षांचा उपास पोरींनी सोडवला. फुटबॉलवर युनिव्हर्सिटी किती पैसा ओतते तो आकडा मी इथे काढत नाही, उगाच भांडण लागेल घरात.

चपलांचं काय प्रकरण होतं?

हाहा, हा प्रश्न हमखास येतो. टायटल जिंकल्यावर त्या जुलैत टीमला व्हाइट हाउसला बोलावलं, प्रेसिडेंट बुश यांच्याबरोबर ग्रुप फोटो झाला. फोटो आला आणि पुढच्या रांगेतल्या काही पोरींच्या पायात चक्क फ्लिप-फ्लॉप, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या सपाता. एका खेळाडूच्या भावाने फोटो पाहून तिला विचारलं व्हाइट हाउसला सपाता घालून गेलीस? ते शिकागोच्या पेपरात आलं आणि मग देशभर चर्चा. टीव्हीवर पॅनल बसली, आजच्या पिढीला काही रीतभात राहिली नाही वगैरे वगैरे. एकवीस मॅचेस जिंकल्या त्याची जेवढी बातमी झाली नव्हती तेवढी पायांची झाली.

पोरी हुशार. त्यांनी त्याच सपाता ईबेवर लिलावाला काढल्या आणि आलेले पैसे ब्रेन ट्यूमर झालेल्या एका दहा वर्षांच्या मुलीसाठी दिले, जिच्याशी टीमची त्याच सीझनला दोस्ती झाली होती. आमची आई हे ऐकून म्हणाली, "देवळात तरी कुठे चपला घालून जातो, काढून ठेवायच्या होत्या बाहेर." तिच्यापुरता प्रश्न सुटला.

पाच वर्षं सलग जिंकल्या का?

हो, २००५ ते २००९. २००६ ला डार्टमथला ७-४, २००७ ला परत व्हर्जिनिया १५-१३, २००८ ला पेन युनिव्हर्सिटी १०-६, आणि २००९ ला नॉर्थ कॅरोलायनाला २१-७. तो सीझन २३-०. फायनलमध्ये चौदा गोलांनी हरवणं म्हणजे समोरच्यांनी अर्ध्यातच गाडी काढायला जावं असा प्रकार. २०१० ला फायनलला पोचल्या पण मेरीलँडने १३-११ ने हरवलं. मग २०११ ला त्याच मेरीलँडला ८-७ आणि २०१२ ला सिरॅक्यूसला ८-६. आठ वर्षांत आठ फायनल, सात टायटल.

त्या काळातली नावं: क्रिस्टन केलमन, लिंडसी मंडे, शॅनन स्मिथ, आणि ऑस्ट्रेलियातून आलेली हॅना निल्सन, जिचे पास बघून वाटायचं हिला पाठीलाही डोळे आहेत. यातल्या बऱ्याच जणी पुढे कोच झाल्या, मंडे साउदर्न कॅलिफोर्नियाला, स्मिथ हॉफस्ट्राला, निल्सन मिशिगनला. मिशिगन आणि नॉर्थवेस्टर्न बिग टेन या कॉलेजांच्या एकाच लीगमध्ये असल्यामुळे चेली गुरूच्या समोरच्या बाकावर उभी, हा सीन इथे दर वर्षी बघायला मिळतो.

म्हणजे सगळ्यात जास्त टायटल यांचीच?

नाही. २०२५ पर्यंत मेरीलँडची चौदा, नॉर्थवेस्टर्नची आठ, दुसरा नंबर. पण मेरीलँडच्या चौदातली आठ टिमचल बाईंची, आणि नॉर्थवेस्टर्नची आठही त्यांच्या चेलीची. दोन्हीकडे एकच घराणं, गाण्यात असतं तसं.

२०१२ नंतर काय झालं? एकदम गप्प झाल्यासारख्या.

बाकीचे शिकले. नॉर्थवेस्टर्नने दाखवून दिलं की पूर्वेच्या बाहेर, खेळाची परंपरा नसलेल्या ठिकाणीही हे जमतं, मग मिशिगन, साउदर्न कॅलिफोर्निया अशांनीही टीम उभ्या केल्या. चांगल्या पोरी वाटल्या गेल्या. त्यात २०१५ पासून बिग टेन लीगने बायकांचं लॅक्रॉस सुरू केलं, त्यात मेरीलँडच येऊन बसलं, म्हणजे रोजचं भांडण घरातच. २०१९ ला परत शेवटच्या चारात पोचल्या तर मेरीलँडने पंचवीस गोल मारले, पंचवीस! २०२१ ला सेमीपर्यंत एकही मॅच हरल्या नव्हत्या, तिथे सिरॅक्यूसने धुतलं. २०२२ ला सेमीत नॉर्थ कॅरोलायनावर मोठी आघाडी होती, शेवटच्या क्वार्टरमध्ये ती विरघळली आणि १५-१४ ने हरल्या. ती मॅच मी लॅपटॉपवर बघत होते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचा अगदी पिठल्यासारखा लगदा झाला.

आणि ती इझी स्केन कोण? तिचं नाव तू फार घेतेस.

मिशिगनची पोरगी. २०२२ चा पूर्ण सीझन गुडघ्याच्या लिगामेंटमुळे बाहेर बसून काढला, म्हणजे ती वर सांगितलेली हार तिने बाकावरून बघितली. २०२३ ला परत आली. सीझनची पहिलीच मॅच सिरॅक्यूसकडून १६-१५ हरल्या, आणि त्यानंतर एकही नाही. सलग एकवीस जिंकल्या. फायनल नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावी, समोर बॉस्टन कॉलेज, १८-६. अकरा वर्षांनी टायटल. गोलमध्ये होती मॉली लॅलिबर्टी, जी टफ्ट्समधून, म्हणजे दोन पायऱ्या खालच्या डिव्हिजनमधून आलेली. केलीची ती जुनी नजर काही गेलेली नाही.

२०२४ ला स्केनने बायकांच्या कॉलेज लॅक्रॉसच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधला करिअरच्या गोलांचा विक्रम मोडला. पण त्या वर्षीची फायनल? सहा गोलांची आघाडी घेतली होती, बॉस्टन कॉलेजने ती पुसून १४-१३ ने नेली. २०२५ ला परत फायनल, नॉर्थ कॅरोलायनाकडून १२-८. लागोपाठ दोन. ग्रुपवर कुणी त्या दोन्ही रविवारी मला "काय झालं गं स्कोअर?" विचारलं होतं, त्यांची नावं माझ्या लक्षात आहेत.

टेवाराटन म्हणजे काय? ट्रॉफी का?

कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळते, पुरुष आणि बायका दोघांना वेगळी. नॉर्थवेस्टर्नच्या केलमनला २००६ आणि २००७, निल्सनला २००८ आणि २००९, स्मिथला २०११, स्केनला २०२३ आणि २०२४. नाव मोहॉक भाषेतलं आहे, त्या लोकांचं या खेळाचंच नाव. कारण खेळ मूळचा त्यांचाच, उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा. फ्रेंच लोकांनी काठी बघून त्याला ला क्रॉस म्हटलं आणि तेच चिकटलं. न्यूयॉर्क राज्य आणि कॅनडाच्या सीमेवरची हॉडेनोशॉनी राष्ट्रं आजही याला देवाने दिलेला, औषधासारखा खेळ मानतात आणि वर्ल्ड कपला स्वतःच्या झेंड्याखाली उतरतात. नॉर्थवेस्टर्नकडूनही सेलेना लसोटा खेळली, ब्रिटिश कोलंबियातल्या कॅटझी लोकांपैकी, आणि तिचा डावा हात म्हणजे काय सांगू, चेंडू दिसायचाच नाही.

मुलांची टीम नाही का?

क्लब आहे, व्हर्सिटी नाही. हो, इथे उलटं आहे. भाचा दोन दिवस बोलला नव्हता हे ऐकून.

याचा आपल्याशी काय संबंध?

आहे की! २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आलं म्हणून सगळे नाचलात ना, तो निर्णय १६ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत झाला, बीकेसीत ऑलिंपिक कमिटीचं अधिवेशन होतं तिथे. त्याच मतदानात क्रिकेटबरोबर लॅक्रॉसही आलं, सोबत स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल. आपल्या पेपरांत मथळा क्रिकेटचा, लॅक्रॉसला अर्धी ओळ. इथे एव्हन्स्टनच्या कॅफेत मात्र दोन पोरी "मुंबई, मुंबई" करत होत्या, मी उगाचच कॉलर ताठ केली. आधी १९०४ आणि १९०८ ला पदकासाठी खेळलं गेलं होतं, दोन्ही वेळा कॅनडा जिंकलं, पण तेव्हा फक्त पुरुष. बायका ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच उतरणार, सहा-सहा जणींचा छोटा प्रकार आहे.

आम्ही मे मध्ये येतोय, मॅच बघायला मिळेल का?

मे मध्ये नशिबावर आहे, तेव्हा टूर्नामेंट सुरू असते. मार्च-एप्रिलमध्ये या. मैदान अगदी लेक मिशिगनच्या काठावर, मागे निळं पाणी, फोटो फार छान येतात. बाजूलाच रायन फिल्डहाउस आहे, २०१८ मध्ये उघडलं, भिंतभर काचा आणि आत अख्खं मैदान, फेब्रुवारीतल्या मॅचेस आत होतात. बाहेर असेल तर एप्रिल आहे म्हणून कॉटनचा कुर्ता घालून येऊ नका, तळ्यावरचा वारा हाडात शिरतो. मागच्या वेळी काकांना मी गाडीतली सतरंजी पांघरायला दिली होती, ते तिसऱ्या क्वार्टरपर्यंत नुसते दात वाजवत बसले आणि गोल झाल्यावर सतरंजीसकट उठून टाळ्या वाजवल्या. पायात बूट घाला, सपाता नकोत.